सतरा नंबरचा फॉर्म

“सतरा नंबर काढा,” डॉ. निमखेडे म्हणाले.

माझ्यासमोर टेबलावर बासष्ट फॉर्मांचा गठ्ठा होता, लाल फडक्यात बांधलेला. मी त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. घरात मांजर शिरलं की आपण दुधाच्या पातेल्यावरचं झाकण दाबून धरतो, तसे.

“नाही काढणार, सर,” मी म्हणाले.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी स्वतःसुद्धा जरा चकितच झाले होते, कारण समितीपुढे असं कुणी बोलत नाही. पण बोलून बसले होते.

चौदा वर्षं झाली त्याला. डिसेंबर होता, नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि विधान भवनाच्या आवारातल्या एका खोलीत आमदारांची समिती आमचं म्हणणं ऐकायला बसली होती. समितीचे अध्यक्ष बळवंतराव चोपकर. चार वेळा निवडून आलेला, आडवा-तिडवा माणूस, आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांच्या उजव्या हाताला आरोग्य खात्याचे उपसंचालक डॉ. निमखेडे. समोर आम्ही तिघं. मी, आमची आकडेतज्ज्ञ फरहाना शेख आणि आमचे देवपुजारी सर.

सर म्हणजे डॉ. यशवंत देवपुजारी. सापाच्या विषावर आयुष्य घालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी दंश संशोधन न्यास काढला. धंतोलीत एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, चार शास्त्रज्ञ, एक फ्रीज आणि देणग्यांवर चालणारा कारभार. मी तिथे धोरण आणि जनसंपर्क विभागाची प्रमुख होते. विभागात मी एकटीच होते, पण प्रमुख होते! माझ्या बहिणीला अजून वाटतं, मी मंत्र्यांना पुष्पगुच्छ देते. “आज कोणाला दिला गं?” असं विचारते दर रविवारी. तिला मी एकदा नीट समजावून सांगितलं होतं. आमचे शास्त्रज्ञ एखादी गोष्ट शोधून काढतात आणि कपाटात ठेवतात. ती कपाटातून काढून सरकारच्या कानात घालायची, ऐकू येईपर्यंत घालत राहायची, हे माझं काम. ती म्हणाली, “म्हणजे कटकट करते तू.” हो, बाई. कटकटच करते. पण मुद्देसूद करते.

त्या वर्षीची कटकट अशी होती. पूर्वेकडच्या चार तालुक्यांत साप चावलेली माणसं मरत होती, आणि ती दवाखान्यात पोचली नाहीत म्हणून नव्हे. पोचत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात विषावरचं इंजेक्शनही होतं. पण तिथला डॉक्टर ते देत नव्हता. रुग्णाला गाडीत घालायचा, चिठ्ठी लिहायचा आणि साठ किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचा. रेफर केलं, असं म्हणतात त्याला. माणूस वाटेत जायचा.

का देत नाहीत? ते आम्ही डॉक्टरांनाच विचारलं. चौसष्ट फॉर्म वाटले, बासष्ट परत आले. त्यांतल्या एक्केचाळीस जणांनी एकच कारण लिहिलं होतं: भीती. त्या इंजेक्शनची काही जणांना उलटी प्रतिक्रिया येते, श्वास अडकतो. ती सांभाळता येते, पण घाबरलेल्या माणसाला कुठलं सांभाळता येतं? आपल्या हातच्या सुईनं रुग्ण गेला तर गाव मारायला धावणार आणि खातं चौकशी लावणार. वाटेत गेला तर सापानं मारला. हिशेब सरळ आहे, आणि त्या हिशेबात माणूस मरतो.

मला सरकारी आदेशात एक ओळ हवी होती. रुग्ण पुढे पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा आरोग्य केंद्रातच द्यावी. बस, एक ओळ. तिच्यासाठी अकरा महिने मी चपला झिजवल्या होत्या.

आता हे डॉक्टर खरं बोलले ते काय आमच्या तोंडाकडे बघून? नाही. आम्ही शब्द दिला होता की नाव कुठेही येणार नाही. फॉर्मवर नाव नाही, गाव नाही, तारीखसुद्धा नाही. साध्या पाकिटात घालून लाकडी पेटीच्या फटीतून आत टाकायचा. पेटी उघडली की पाकिटं पिसायची आणि मग नंबर टाकायचे. हे फॉर्म टाइप करायला अमरावतीच्या एका बाईंकडे पाठवले होते, ज्यांना आमच्यातलं किंवा डॉक्टरांतलं कुणीही माहीत नव्हतं. हस्ताक्षर न्यासातल्या कुणी बघायचंच नाही, हा सरांचा नियम. फरहानानं टाइप केलेले कागद तेवढे बघितले. मी तेही नीट नाही.

सरांचा आणखी एक नियम होता. जो प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, त्याचं उत्तर आधी आपण लिहायचं. पळवाट नाही. एकदा मी जिल्हा परिषदेच्या सदस्यांसाठी प्रश्न काढला होता, ‘आपण आरोग्य केंद्राला शेवटची भेट कधी दिली?’ सर म्हणाले, “तू लिही आधी.” मी लिहिलं, ‘कधीच नाही.’ दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले. म्हणजे ह्या वेळचा फॉर्मही सरांनी आधी स्वतः भरला असणार, हे मला ठाऊक होतं. काय लिहिलं, ते विचारायची पद्धत नव्हती.

आणि एवढे सगळे नियम पाळून मी काय केलं? तो गठ्ठा समितीपुढे घेऊन गेले. कशाला? रुबाब म्हणून! माझा अनुभव होता की पुराव्याचा गठ्ठा टेबलावर आदळला की समोरचा निम्मा गार होतो. ऑटोत फरहाना म्हणाली होती, “मॅडम, हे नको ना न्यायला.”

“अगं, दाखवायचे थोडीच आहेत? नुसते ठेवायचे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निमखेडेंनी आमच्या अहवालाचं शेवटचं परिशिष्ट उघडलं होतं. तीस पानांचं परिशिष्ट कुणी वाचत नाही अशी माझी समजूत होती. त्यांनी वाचलं होतं. चष्मा नाकावर ओढून त्यांनी सतरा नंबरची नोंद मोठ्यानं वाचली.

“‘मुलगी, वय अंदाजे बारा. पापण्या जड, बोलणं बोबडं झालेलं. औषध कपाटात होतं. मी सुईत भरलंसुद्धा. भरून ठेवून दिलं. जीपमध्ये घालून पुढे पाठवली. नदीच्या अलीकडेच गेली.’” त्यांनी अहवाल मिटला. “अध्यक्ष महोदय, हे काय आहे? औषध हातात असून हा डॉक्टर देत नाही! याला आदेश कशाला पाहिजे? याला घरी बसवायला पाहिजे. मीही सात वर्षं आरोग्य केंद्रात काढली आहेत. चांगलं काम करणारे करतातच. एक नासका आंबा आहे, तो काढतो. फॉर्म द्या. महिन्याचे अहवाल माझ्या टेबलावर येतात, अक्षर मी एका मिनिटात ओळखीन. आज संध्याकाळी निलंबन.”

“नासका आंबा एक नाही, सर. एक्केचाळीस आहेत,” मी म्हणाले. “आणि आंबे नासके नाहीत. आढी चुकली आहे.”

चोपकर हसले नाहीत. ते पुढे वाकले. “मॅडम, पोरगी मेली ना बाप्पा? बारा वर्षांची. काहून लपवता त्याले?”

“भाऊ, शब्द दिला आहे आम्ही.”

“तुमचा शब्द मोठा का पोरीचा जीव मोठा?”

प्रश्न खराच होता. पण तोंड माझं आजवर कधी बंद पडलेलं नाही, देवाची कृपा.

“भाऊ, सतरा नंबरला आज तुम्ही घरी पाठवलं तर उद्यापासून काय होईल सांगू? उरलेले एकसष्ट जण शिकतील की खरं बोलायचं नाही. ते पुढच्या पोरीलाही जीपमध्येच घालतील, फक्त कागद नीट ठेवतील. चिठ्ठी नीट, वेळ नीट, सही नीट. पोरगी मरेल आणि कुणाचीच चूक सापडणार नाही. तुम्हाला एक डॉक्टर मिळेल. मला ओळ मिळणार नाही.”

“समितीला कागद मागवायचा अधिकार आहे,” निमखेडे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, पेनाचं टोपण लावत, “न्यासाच्या सर्वेक्षणाची परवानगी जानेवारीत संपते ना? नूतनीकरणाला माझ्याकडेच येईल.”

ऐकलं ना? इतकं स्वच्छ धमकावलेलं मी फार क्वचित ऐकलंय.

चोपकरांनी घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं चहा घ्या. मंग या. फॉर्म देता तर अहवाल घेतो, बोलतो त्याच्यावर. नाही देत तर अहवाल उचला आणि जा घरी. मले आणखी चार विषय आहेत.”

आम्ही व्हरांड्यात आलो. गठ्ठा मी छातीशी धरला होता, तान्हं पोर धरावं तसा. फरहानाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, “मॅडम, अकरा महिने गेले.”

“गेले तर गेले.”

“पुढच्या अधिवेशनात?”

“परवानगीच राहणार नाही, पुढचं अधिवेशन कुठलं!” मी जरा जोरातच बोलले. मग तिच्या पाठीवर हात ठेवला, कारण चूक माझी होती, तिची नव्हती.

सर बाकावर बसले होते. दीड महिन्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता. वाचायला बंदी. अहवाल फरहानानं त्यांना वाचून दाखवला होता, पण परिशिष्ट वगळून. तीस पानं कोण वाचणार? सकाळपासून ते एक शब्द बोलले नव्हते. थकले असतील असं मला वाटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

“फरहाना,” ते म्हणाले, “ती सतराची नोंद पुन्हा वाच.”

तिनं वाचली.

“बोलणं बोबडं झालेलं. असंच लिहिलंय?”

“हो, सर.”

“सुईत भरलंसुद्धा?”

“हो. ‘भरून ठेवून दिलं.’”

त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला. मग त्यांनी मला विचारलं, “वैजयंती, तू तो फॉर्म देणार नाहीस ना?”

“मेले तरी देणार नाही, सर. अहवाल उचलू आपण.”

“आणि ओळ?”

“ओळ गेली.” हे म्हणताना मला रडू आलं, कशाला लपवू? “पण तुमच्या नावाला बट्टा नाही लागू देणार.”

ते जरासे हसले. काळ्या चष्म्यामुळे मला त्यातलं काहीच कळलं नाही.

आम्ही आत गेलो. चोपकर म्हणाले, “बोला.”

मी उभी राहिले, घसा साफ केला. “अध्यक्ष महोदय, न्यास आपला अहवाल—”

“वैजयंती,” मागून सर म्हणाले, “सतरा नंबर दे त्यांना.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी मागे वळले. ज्या माणसानं मला शब्द पाळायला शिकवलं, तो भर समितीत मला शब्द मोडायला सांगत होता! निमखेडेंच्या चेहऱ्यावर समाधान आलेलं मी बघितलं आणि माझा संताप झाला. सरांवर. खरं सांगते, त्या क्षणी मला सरांचा राग आला.

“नाही देणार, सर. माफ करा. तुम्ही सांगितलं तरी नाही.”

“अगं, दे.”

“तुम्हीच सांगितलं होतं ना की—”

“दे, बाळ. अक्षर माझं आहे.”

मला कळायला वेळ लागला. मग हात आपोआप गाठ सोडायला लागले. सतरा नंबरचं पाकीट मधेच होतं. मी त्यातला कागद काढला. डावीकडे कललेली ती अक्षरं अकरा वर्षं मी माझ्या मसुद्यांच्या कडेला बघत आले होते. ‘मुद्दा स्पष्ट कर.’ ‘हे विशेषण काढ.’ ‘खात्री आहे का?’ तीच अक्षरं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सरांनी आधी भरलेला फॉर्म पेटीच्या फटीतून नीट आत जातो का बघायला म्हणून त्यांनीच पेटीत टाकला होता. तो पहिला फॉर्म पेटी गावोगाव जाण्याआधी काढून घ्यायचा होता. ते काम माझं होतं. मी विसरले. पेटी फिरली, पाकिटं पिसली, नंबर पडले, अमरावतीच्या बाईंनी इमानेइतबारे टाइप केलं. हस्ताक्षर कुणी बघायचं नाही म्हणजे नाही, हा नियम आम्ही इतका कडक पाळला की आमच्याच माणसाचं अक्षर आमच्यातल्या कुणी बघितलं नाही!

सर उठून उभे राहिले होते. चष्मा त्यांनी काढला. उजेडानं डोळ्यांना त्रास होत असणार, पाणी येत होतं.

“अध्यक्ष महोदय, नेमणुकीला माझा दीड महिना झाला होता. वय पंचवीस. आरोग्य केंद्रात मी एकटा डॉक्टर. संध्याकाळी पाचच्या सुमारास मुलीला घेऊन आले. औषध होतं. मी याआधी ते कधी दिलं नव्हतं. पुस्तकात वाचलं होतं की एखाद्याला प्रतिक्रिया येऊन तो टेबलावरच जातो. बाहेर तिचं सगळं गाव उभं होतं. मी सुई भरली आणि ठेवून दिली.” त्यांनी डोळे टिपले. “तिचं नाव मैना मडावी. ते फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज सांगतो. मैना मडावी. तिच्या बापानं जीपमध्ये बसताना मला हात जोडले होते.”

समितीची नोंद लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

“नंतर मी सापांच्या विषाशिवाय दुसरं काहीच केलं नाही,” सर म्हणाले. “लोक म्हणतात, विज्ञानाची आवड. असेल. आता निलंबन करायचं तर करा. नोकरी राहिली नाही, पेन्शन आहे.”

अकरा वर्षं मी त्यांच्याजवळ काम केलं होतं. शंभर भाषणांत त्यांची ओळख करून दिली होती, ‘विज्ञानाला वाहिलेलं जीवन’ वगैरे. मला वाटायचं, मला हा माणूस माहीत आहे. काही माहीत नव्हतं.

चोपकर खुर्चीत मागे टेकले. एवढा दांडगा माणूस, पण रुमाल शोधत होता.

पण निमखेडे खात्यातले होते. त्यांनी स्वतःला सावरलं. “म्हणजे,” ते म्हणाले, “अध्यक्ष महोदय, हा फॉर्म या सर्वेक्षणातला नाहीच! चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आजच्या आकड्यांत घुसवली आहे. संस्थाप्रमुखाचाच फॉर्म! मग आकडे खरे कशावरून? अख्खा अहवाल संशयास्पद आहे.”

बरोबर बोलले होते ते. आणि इथे माझं काम सुरू होत होतं.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “पहिला फॉर्म पेटीतून काढायचं काम माझ्याकडे होतं, मी विसरले. कृपया नोंद करावी. फॉर्म बासष्ट नाहीत, एकसष्ट आहेत. भीती हे कारण देणारे एक्केचाळीस नाहीत, चाळीस आहेत. फरहाना, टक्के सांग.”

फरहानानं डोळे पुसत लॅपटॉपवर बोटं चालवली. “आधी सहासष्ट पूर्णांक एक होतं. आता पासष्ट पूर्णांक सहा.”

“अर्ध्या टक्क्यानं कमी झालं, सर. तुमचा आक्षेप मान्य.” मी गठ्ठ्याच्या खाली हात घातला. तिथे कोरे फॉर्म होते, नमुना म्हणून आणलेले. एक काढला आणि टेबलावरून त्यांच्यासमोर सरकवला. “पण माझा एक फॉर्म कमी पडतोय आता. तुम्ही सात वर्षं आरोग्य केंद्रात काढली म्हणालात. तुम्ही भरता? पुन्हा बासष्ट होतील.”

“मॅडम,” फरहाना माझ्या कानात कुजबुजली, “असं नाही चालत. ते आपल्या चार तालुक्यांतले नाहीत.”

“गप गं,” मी म्हणाले.

निमखेडेंनी फॉर्मकडे बघितलं. दोन पानांचा कागद. नववा प्रश्न, ‘औषध का दिलं नाही?’ दहावा प्रश्न, ‘त्या वेळी काय असतं तर दिलं असतं?’ त्यांची नजर खाली उतरत गेली आणि तिथे थांबली. मग त्यांनी हात पुढे करून माझ्याकडून सतरा नंबरचा फॉर्म मागितला. सरांनी मान हलवली, म्हणून मी दिला. त्यांनी दहाव्या प्रश्नाचं उत्तर वाचलं. मनातल्या मनात वाचलं, ओठ तेवढे हलले. मी ते आधीच पाहिलं होतं. सरांनी लिहिलं होतं, ‘मागे कुणीतरी उभं असतं तर.’

“भरा ना, डॉक्टर,” चोपकर म्हणाले. “तुम्ही तं चांगलं काम करणाऱ्यांतले आहात ना जी?”

निमखेडेंनी पाणी मागितलं. पूर्ण ग्लास प्यायले. ते आता काहीतरी लागेल असं बोलणार, आणि जानेवारीतली परवानगी गेली, असं मी धरून चालले.

“एका ओळीनं भागणार नाही,” ते म्हणाले. आवाज एकदम वेगळा होता. “पहिली मात्रा केंद्रातच द्यावी, हे ठीक. पण त्याच्याखाली दुसरी ओळ पाहिजे. औषध देताना प्रतिक्रिया येऊन रुग्ण दगावला, तर नियमाप्रमाणे औषध दिलेल्या डॉक्टरवर त्या कारणानं कारवाई होणार नाही. आणि जबाबदारी वरिष्ठ घेतील. ही ओळ नसेल तर पहिली ओळ भिंतीवर राहील. कुणी देणार नाही.” त्यांनी रिकामा ग्लास बाजूला सरकवला. “मला माहीत आहे, कुणी देत नाही.”

अकरा महिने मी त्या आदेशाच्या मागे होते. खात्यातले वीस जण भेटले असतील, देशभरचे कागद वाचले होते. ही दुसरी ओळ मला सुचली नव्हती. ती सुचायला त्या टेबलाशी सुई हातात घेऊन उभं राहावं लागतं.

“मग इतक्या वेळ विरोध कशाले करत होते?” चोपकरांनी विचारलं.

कोरा फॉर्म निमखेडेंनी चौघडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मसुदा मी करतो.”

“दोन्ही ओळी घ्या,” चोपकरांनी लिहिणाऱ्याला सांगितलं. “समितीची शिफारस. आणि पोरीचं नाव काय म्हणाले सर? मैना मडावी. तेही नोंदीत घ्या. कोणाचं तरी नाव पाहिजे होतं ना मले? मंग हे घ्या.”

बाहेर आलो तर ऊन चांगलं तापलं होतं. मी सरांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवत होते. माझ्या मनात नुसता गोंधळ होता. आनंद होता, आणि लाज होती.

“सर, माझ्या विसरभोळेपणामुळे तुम्हाला आज सगळ्यांसमोर—”

“माझ्या डोळ्यांवर चष्मा होता म्हणून सकाळभर मला एक सोय झाली,” ते म्हणाले. “कुणाकडे बघावं लागलं नाही. ती सोय मी फार वर्षं वापरली गं.” मग दोन पायऱ्या उतरून म्हणाले, “पण मी सांगितल्यावरही तू फॉर्म दिला नाहीस.”

“रागावलात?”

“अगं वेडे!” एवढंच म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं.

आयुष्यात मला तीन पुरस्कार मिळाले आहेत, लाकडी पाटीचे. ते माळ्यावर आहेत. ते थोपटणं अजून हातावर आहे.

आदेश मार्चमध्ये निघाला. दोन ओळी. सर्वेक्षणाची परवानगी त्याआधीच, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मी अर्ज करायच्या आत टेबलावर येऊन पडली होती. सर पुढे चार वर्षं होते. शेवटच्या वर्षी मी त्यांना एका आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई जेमतेम सव्वीस वर्षांच्या. त्यांनी औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून तो आदेश चिकटवला होता. “दार उघडलं की आधी हा दिसतो, मग औषध,” त्या म्हणाल्या. त्या वर्षात त्यांनी नऊ जणांना पहिली मात्रा दिली होती. नऊच्या नऊ जण आपल्या पायांनी चालत घरी गेले. सर त्या कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मी बाहेर जाऊन मनसोक्त रडले. अभिमानानं रडू येतं ना, ते.

सर गेल्यावर काही महिन्यांनी न्यासाच्या पत्त्यावर एक साधं पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत आमचा जुना फॉर्म होता, चौघडी घातलेला, घड्यांवर फाटायला आलेला. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी खिशात, ड्रॉवरमध्ये राहिलेला असणार. अक्षर कुणाचं, ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. आमच्यात तशी पद्धत नाही.

फरहाना आता माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे. मी तिला विचारलं, “धरायचा का गं हा? बासष्ट होतील.”

“नियमात बसत नाही, मॅडम,” ती म्हणाली. पण तिनंच तो सतरा नंबरच्या पाकिटात, सरांच्या फॉर्मला लावून ठेवला.

ठेवण्याआधी आम्ही दोघींनी वाचला. नवव्या प्रश्नाला एकच शब्द होता, ‘भीती.’ दहाव्या प्रश्नाचं उत्तर निळ्या शाईत होतं, ‘वरून एक शब्द असता तर.’ आणि त्याच्याखाली, नंतर कधीतरी, काळ्या शाईनं लिहिलं होतं: ‘आता आहे.’